जुन्या मापाच्या टोप्या

एइजोने खिशातून पितळी काडतूस काढले आणि बुटक्या मेजावर उभे ठेवले.

"फुटलं नाही," तो म्हणाला.

त्याच्या बाहीवर रक्त होते. किवाने आधी बाहीकडे पाहिले, मग त्याच्या तोंडाकडे, आणि शेवटी काडतुसाकडे.

"कुणाचं रक्त हे?"

"तोकुजीचं."

"जिवंत आहे ना?"

"आहे. कुदोच्या ट्रकमधून खाली इस्पितळात नेलाय. अस्वलानं पंजा मारला. इथून इथपर्यंत." त्याने कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट ओढले. "डावा डोळा गेल्यातच जमा."

किवाच्या हातात बर्फाखालून काढलेला मुळा होता. तो तिने कधी खाली ठेवला, हे तिला नंतर आठवले नाही.

"माझ्या समोरून आलं," एइजो म्हणाला. "खिंडीतल्या देवदारापाशी, इतक्या जवळ, की वास येत होता. चाप ओढला. बंदुकीचा घोडा पडला. नुसता खट् आवाज. दुसरं काडतूस घालेपर्यंत ते तोकुजीवर होतं. तो माझ्याकडे बघत होता गं. मी मारणार म्हणून उभा राहून बघत होता. पळाला नाही."

"काडतुसाचं बूड बघू द्या." किवाने हात पुढे केला.

एइजोने तिच्या आधी काडतूस उचलले आणि खिशात टाकले. "चौकीतल्या हवालदाराला दाखवायचंय," तो म्हणाला आणि हातपाय न धुताच बाहेर गेला.

किवा तशीच बसून राहिली. ते काडतूस तिने भरलेले होते. एइजोच्या पट्ट्यातले प्रत्येक काडतूस तिने भरलेले असे. ही गोष्ट गावात दोन माणसांना ठाऊक होती आणि त्यातला एक नुकताच दारातून बाहेर पडला होता.

एइजो ओबारा हा त्या डोंगरी गावातल्या शिकारी टोळीचा नेमबाज. उरलेल्या वर्षात तो कोळसा पाडी, रस्त्यावरचा बर्फ उपसण्याच्या कामाला जाई. पण गावात त्याची ओळख होती ती वसंतातल्या, बर्फ घट्ट झाल्यावरच्या अस्वलाच्या शिकारीमुळे. तोकुजीसारखे हाकारे खालून ओरडत अस्वल वर रेटत आणि वर खिंडीत एइजो वडिलांची जुनी, एका वेळी एकच काडतूस घेणारी बंदूक घेऊन उभा असे. त्याचा बार कधी फुकट गेला नव्हता. "ओबाराचा घोडा पडला की भांडं चुलीवर ठेवा," असे टोळीचा म्होरक्या कुदो म्हणत असे.

युद्ध संपल्यावर एइजो सैबेरियातल्या कैद्यांच्या छावणीतून परत आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांची पेरे थंडीने गळून गेली होती. बंदूक पेलता येत होती, चाप ओढता येत होता. पण काडतुसाच्या बुडात बसवायची टोपी मसुरीच्या दाण्याएवढी. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. ती टोपी त्याला चिमटीत धरता येईना. पहिल्याच हिवाळ्यात तो माळ्यावर बसून ती बसवू पाहत होता, ती पुन्हा पुन्हा चटईत हरवत होती, आणि शेवटी त्याने सगळी डबी भिंतीवर फेकली. किवाने टोप्या वेचल्या. मग तिथेच बसून एक बसवून दाखवली.

"बायकांनी हात लावायचा नसतो," तो म्हणाला होता.

"का?"

"देवी रागावते."

डोंगराची देवी रूपाने बेताची आणि म्हणून बायकांचा दुस्वास करणारी, अशी त्या गावाची समजूत. तिला खूश करायला म्होरक्या एक वाळवलेला, फार कुरूप मासा कागदात गुंडाळून बरोबर नेई. आपल्याहून ओंगळ कुणीतरी आहे हे बघून देवीला बरे वाटे.

"मग मलाच न्या की," किवा म्हणाली होती. "माशाचा खर्च वाचेल."

छावणीतून आल्यापासून एइजो त्या दिवशी पहिल्यांदा हसला. त्याने पुढची टोपी तिच्या तळहातावर ठेवली.

तेव्हापासून दर हिवाळ्यात किवा मागच्या कोठारात बसून काडतुसे भरी. लग्नाआधी ती वाडगी रंगवणाऱ्या कारखान्यात होती. झाडाच्या चिकाचे काळे रोगण केसाच्या कुंचल्याने लावायचे आणि ओलसर पेटीत सुकवायचे, हे काम तिच्या हातात बसलेले होते. ते तिने काडतुसांनाही लावले. वापरलेले पितळ धुऊन, जुनी टोपी काढून, नवी बसवून झाली की टोपीच्या कडेने ती रोगणाचे एक बारीक कडे ओढी. बर्फाचे पाणी आत शिरत नसे. आत दारू, वर नमद्याची, दाबलेल्या लोकरीची चकती, छर्रे, आणि तोंडाला पुन्हा चकती. दाबून भरलेल्या काडतुसावर ती बोटाने टिचकी मारी. आवाज भरीव आला तर ठीक, नाहीतर सगळे उपसून पुन्हा.

टोपी जुन्या मापाची लागे. बंदूक जुनी, पितळे जुनी, त्यांच्या बुडाचे भोकही जुन्या मापाचे. खालच्या शहरातला दुकानदार बरीच वर्षे कुठून कुठून डब्या आणून देई. मग एकदा त्याने हात जोडले. कारखान्याने ते माप बंद केले होते. आता सगळे कागदी, विकत घ्यायची आणि टाकून द्यायची काडतुसे वापरत होते. नव्या टोप्या होत्या, पण त्या केसभर बारीक.

"बारीक तर बारीक," गेल्या शरदात एइजो म्हणाला. तो सिगारेट ओढत होता. पाकिटातला चांदीचा कागद त्याने नखाने सोडवला. "याची पट्टी गुंडाळायची नि बसवायची. खालच्या गावातले बसवतात."

"बसते हो. फुटत नाही."

"तुला काय ठाऊक?"

"घोडा आपटला की ढिली टोपी आत सरकते. मार बसतच नाही तिला. उशीवर बुक्की मारल्यासारखं." तिने डबीचे झाकण लावले. "जुन्या आहेत तेवढ्या मी भरते. संपल्या की बंदूक चौकीत जमा करा. तुमचंही वय झालं आता."

"माझं वय झालं?"

"माझंही झालं. मी कुठं नाही म्हणते?"

चांदीचा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.

आणि आता तोकुजी इस्पितळात होता.

किवा कोठारात गेली. पेटीत राहिलेली काडतुसे तिने एकेक करून उजेडात धरली. प्रत्येक बुडावर काळे कडे अखंड होते. तिने डबी हुंगली, ओल नव्हती. दारू बोटांत चुरून पाहिली, कोरडी होती. मग तिने तो अख्खा हिवाळा मनात पुन्हा भरून काढला. कोणत्या दिवशी हात थरथरला? कोणते काडतूस घाईत भरले? पौषात एकदा ताप होता, त्या दिवशी तिने काम केले होते का? तिला आठवेना, आणि आठवत नाही हेच तिला पुरावा वाटू लागले.

संध्याकाळी तिने पेज शिजवली, अगदी मऊ, जबडा न हलवता गिळता येईल अशी. वर खारवलेला आलुबुखारा कुस्करून घातला. आपल्या हातचे सगळ्यात चांगले लाल वाडगे काढले, झाकण घातले, फडक्यात बांधून गाठ मारली आणि शेजारच्या मुलीकरवी तोकुजीच्या घरी पाठवली. तोकुजीची बायको हात्सुए दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने इस्पितळात जाणार होती.

रात्री देवळात टोळीची बैठक होती. एइजो उशिरा आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

वाडगे तिसऱ्या दिवशी सकाळी परत आले. हात्सुए स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने बूट काढले नाहीत. हातातले फडके तिने उंबऱ्यावर ठेवले. त्यावरची गाठ किवाचीच होती.

"खाल्लं नाही का त्यानं?" किवाने विचारले.

"दिलंच नाही मी."

"तोंड फार सुजलंय का?"

"किवा, तू मला काय समजतेस?" हात्सुएचा आवाज चढला. "परवा देवळात कुदोनं एकेकाला विचारलं. घरात कुणी बाळंत आहे का, कुणी गेलंय का, निघायच्या आदल्या रात्री कोण बायकोपाशी झोपलं होतं. असं काही घडलं की विचारतात. ज्याच्याकडनं विटाळ झाला असेल त्यानं कबूल करायचं. तुझ्या नवऱ्यानं कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"काडतूस बायकोनं भरलं होतं म्हणून."

किवाने चुलीची कड धरली. कड तापलेली होती हे तिला हात काढल्यावर कळले.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. कपाळ जमिनीला टेकवून. म्हणाला, मी दरवर्षी नको नको म्हणतो, ती ऐकत नाही."

"ती ऐकत नाही," किवा म्हणाली.

"असंच म्हणाला. माझा दीर होता तिथं."

नको म्हणाला होता असा, पहिला सोडून, एकही हिवाळा किवाला आठवेना. तिला आठवली ती त्याने तिच्या तळहातावर ठेवलेली टोपी, आणि टोप्यांची नवी डबी आणली की मिठाई आणल्यासारखी ती मेजावर ठेवण्याची त्याची रीत. तिने पाणी प्यायला भांडे उचलले आणि न पिता परत ठेवले.

"एकाच वर्षी लग्न होऊन आलो आपण या गावात," हात्सुए म्हणाली. "मला तरी सांगायचंस."

"काय सांगायचं होतं?"

"की माझा नवरा तुझ्या हातच्या बारापुढं उभा असतो!"

"पंचवीस वर्षं उभाच होता की गं," किवा हळूच म्हणाली. "पंचवीस वर्षं त्याच बारापुढं अस्वलं हाकत होता."

बस यायला वेळ होता. हात्सुए पायरीवर पाठ करून बसली.

तेवढ्यात अंगणात माणसे आली. पुढे कुदो, मागे टोळीतले चारपाच जण, आणि सगळ्यात मागे एइजो. त्याच्या खांद्यावर बंदूक होती. तो घराकडे न बघता, अंगणाच्या कडेच्या निष्पर्ण झाडाकडे बघत उभा राहिला.

कुदो दारात आला नाही. अंगणातूनच बोलला. "ओबाराच्या बाई, भरलेली सगळी काडतुसं द्या. पेटीतली, पट्ट्यातली, असतील नसतील ती. ती आता डोंगरावर न्यायची नाहीत."

"काय करणार त्यांचं?"

"नदीच्या दरडीवर बंदुकीतून झाडून टाकू. दारू पाण्यात ओतली तर मासे मरतात. हवालदाराला विचारलंय."

"कोण झाडणार?"

"ज्याची आहेत तो."

किवाने कोठारातून पेटी आणली. ती तिने कुदोच्या हातात दिली नाही, अंगण ओलांडून नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. एइजोने पेटी घेतली.

"जुन्या मापाच्या शेवटच्या टोप्या आहेत या," ती म्हणाली. "यानंतर नाहीत."

"माहितीये."

"आणि ते परवाचं काडतूस?"

"माझ्याकडे आहे," कुदो मागून म्हणाला. "हवालदारानं नुसतं उलटंसुलटं करून दिलं. तेही परत घालून बघू."

एइजोने पहिल्यांदा मान वर केली. तो काहीतरी बोलणार असे किवाला वाटले. पण त्याने पेटी काखेत मारली आणि तो उताराला लागला.

नदी घरापासून दिसत नव्हती, पण वितळलेल्या बर्फाने फुगलेल्या तिच्या पाण्याचा आवाज घरात येत होता. किवा चुलीपाशी परतली. तिने तांदूळ धुवायला घेतले. हात्सुए पायरीवरून हलली नाही.

पहिला बार झाला. काळ्या दारूचा आवाज तो, कडाड नव्हे, पोटातून आल्यासारखा धप्प. देवदारांच्या वर पांढरा धूर चढला.

किवाचे हात तांदळात थांबले. मग दुसरा झाला. मग तिसरा. बंदूक उघडायची, रिकामे पितळ काढायचे, नवे घालायचे, घोडा मागे ओढायचा, चाप. यात किती वेळ जातो हे तिला ठाऊक होते. ती कधी शिकारीला गेली नव्हती, पण वसंतात डोंगरावरून येणारे आवाज ती कोठारात बसून ऐकत आली होती. चौथा. पाचवा. आवाज सगळे सारखे होते. तिने मापले होते तेवढ्या दारूचा, तिने दाबला होता तेवढ्या चकतीचा आवाज.

हात्सुए आधी बोटांवर मोजत होती, मग तिने सोडून दिले.

"सगळीच फुटतायत की," ती म्हणाली. तिने मागे वळून पाहिले नाही.

किवाने पाणी ओतून टाकले आणि दुसरे घेतले. पाणी केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती तांदूळ धूत राहिली. दरीतून एकामागून एक बार येत होते. एका हिवाळ्याचे काम असे निघून चालले होते. पौषातल्या तापाच्या दिवसातलेही त्यात कुठेतरी असणार. तेही फुटले असणार.

मग एक बार आला नाही.

किवाचा हात भांड्यावर थबकला. उघडायला लागतो तेवढा वेळ गेला. त्याच्या दुप्पट गेला. नुसती नदी ऐकू येत होती. हात्सुए उभी राहिली.

"संपली का?"

"नाही," किवा म्हणाली. "पेटीत अजून आहेत."

बराच वेळ काही नव्हते. माणसांचे आवाजही नव्हते. नंतर पुन्हा बार झाला, पहिल्यासारखाच, आणि त्यामागून आणखी काही. शेवटी पुन्हा एक खंड पडला आणि तो तसाच राहिला.

"दोन गेली फुकट," हात्सुए म्हणाली. "तुझीच ना ती?"

किवाने तांदळाचे भांडे चुलीशेजारी ठेवले.

माणसे वर यायला वेळ लागला. या खेपेला कुदो अंगणात थांबला नाही. तो सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि हात्सुएशेजारी उभा राहिला. त्याच्या नाकावर दारूची काजळी होती.

"तुम्ही बुडाला रोगण लावता?" त्याने विचारले.

"लावते."

"सगळ्यांना?"

"ज्याला लावलं नाही ते मी भरलेलंच नाही."

कुदोने मूठ उघडली. तळहातावर दोन काडतुसे होती. एकाच्या बुडावर घोड्याच्या दोन खुणा होत्या, परवाची आणि आजची. दुसऱ्यावर एक. दोन्हींतल्या टोप्या आत दबल्या होत्या आणि त्यांच्या कडेने चांदीचा कागद चमकत होता. काळे कडे कुठेच नव्हते.

हात्सुए वाकून बघत होती. तिला शिकारीतले काही कळत नव्हते, पण सिगारेटच्या पाकिटातला कागद तिला ओळखता आला. तिने मान वळवून अंगणात पाहिले. एइजो निष्पर्ण झाडाखाली उभा होता. त्याच्या वरच्या खिशात पाकीट होते. बाकीचे पुरुष जमिनीकडे, आभाळाकडे, कोठाराच्या छपराकडे बघत होते. कुणीही त्याच्याकडे बघत नव्हते.

"तुमच्या काडतुसांतच, एका पट्ट्यात मिसळलेली होती," कुदो म्हणाला. मग थांबून, "टोप्या अजून असतील का कुठे? जुन्या?"

"आत्ता झाडल्यात ना तुम्ही. त्याच होत्या."

"देवीला मी सांगेन," तो म्हणाला.

"काय सांगाल?"

कुदोने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली आणि तो वळला. जाताना त्याने ती दोन काडतुसे एइजोच्या हातात दिली. इतर जण त्याच्यामागून गेले.

हात्सुएने उंबऱ्यावरचे फडके उचलले. गाठीला बोट लावून ती क्षणभर थांबली.

"पेज नासली असेल का गं?"

"नासली असेल. थांब, ताजी करते."

"बस येईल."

"तांदूळ धुतलेलेच आहेत. पुढची बस घे."

हात्सुएने बूट काढले आणि ती आत आली. दोघी चुलीपाशी बसून पेज शिजण्याची वाट बघत राहिल्या. पेज झाली तेव्हा किवाने तेच लाल वाडगे घासून घेतले, भरले आणि फडक्यात बांधले. हात्सुएने ते दोन्ही हातांनी धरून नेले.

संध्याकाळी एइजो आत आला. दर वेळी ठेवी तशी त्याने रिकामी पितळे मोरीपाशी सुपात ठेवली. काळ्या दारूची काजळी रात्रभर राहिली तर पितळ खाते, म्हणून किवा ती त्याच संध्याकाळी धुऊन, पुसून, उलटी घालून ठेवत असे.

"चहा आहे?" त्याने विचारले.

तिने चहा दिला. जेवण वाढले. पितळांना हात लावला नाही.

सकाळी त्यांच्या कडांवर हिरवट डाग धरला होता. किवा उठून आली तेव्हा एइजो मोरीपाशी उकिडवा बसला होता. त्याने परातीत कोमट पाणी घेतले होते. त्यात ती सगळी पितळे टाकली होती, काळ्या कड्यांची, पुन्हा कधीही न भरता येणारी. उजव्या हातात काथ्या होता, आणि डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांत तो एक पितळ धरू पाहत होता. ते सुटले, परातीत पडले. त्याने पुन्हा उचलले.

किवाने बर्फाखालून काढलेला मुळा घेतला आणि त्याच्याकडे पाठ करून ती सोलायला बसली. मागे पितळ पाण्यात पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. ती सोलत राहिली.